शूरपाळ राजाची बसायची जागा

मी गोष्ट सांगणार नाही, असं तीनदा सांगितलं. तरी धाकटी सून वही आणि पेन पुढ्यात ठेवून गेली. म्हणे, "मामंजी, तोंडानं सांगता तेव्हा मधेच भांडायला लागता. लिहून काढा, म्हणजे एकदाची पुरी होईल." मी चौथी नापास. वेलांट्या चुकतील तर चुकोत, गोष्ट चुकणार नाही. दुसऱ्यानं ती चुकवून सांगितली आहे, म्हणून तर मला लिहायची वेळ आली.

एका राज्यात शूरपाळ नावाचा राजा होता आणि हिरावती नावाची राणी होती. राज्याच्या वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला नदी, मधे राजधानी. राजधानीत एकवीस विहिरी. राजानं चाळीस वर्षं राज्य केलं आणि मग त्याची मिशी पांढरी झाली.

त्या राज्याची रीत अशी, की मिशी पांढरी झाली की राजानं गादीवरून उठायचं. डोंगरावर नाहीतर नदीकाठी, जिथं म्हातारपण काढायचं तिथं जाऊन बूड टेकायचं आणि बसून पहिला घास खायचा. तो घास पोटात गेला की मगच युवराज गादीवर बसणार. आणि गादी जितके दिवस रिकामी, तितक्या विहिरी आटणार. रोज एक. तिथं तसंच होतं. का म्हणून विचारू नका.

राजा गादीवरून उठला. म्हणाला, "डोंगरावर राहू. वरून सगळं राज्य दिसतं."

राणी म्हणाली, "नदीकाठी राहू. माझे गुडघे चढणीचे नाहीत. आणि पाण्यावर चार बायका येतात, बोलणं होतं."

"नदीला पूर येतो."

"डोंगरावर पाणीच येत नाही."

राजानं ऐकलं नाही. तो डोंगराच्या माथ्यावर गेला, घोंगडी अंथरली आणि बसला. बसला तसा डोंगर हलला. बैल अंगावरची माशी झटकतो, तसा डोंगरानं राजा झटकला. राजा गडगडत करवंदीच्या जाळीत गेला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. तीन दिवस तसे गेले. तीन विहिरी आटल्या.

मग तो नदीकाठी आला. म्हटलं, बायकोचं ऐकून बघू. वाळूत बसला तर वाळू खालून सरकली आणि राजा गळ्यापर्यंत पाण्यात. खडकावर बसला तर खडक बुडाला. तिथंही तीन दिवस गेले. सहा विहिरी आटल्या. राजा उभ्यानं जेवायला लागला, आणि उभ्यानं खाल्लेला घास रीतीत धरत नाहीत.

तेव्हा एक भारद्वाज पक्षी बांधावरून चालत आला. भारद्वाजाला उडायचा कंटाळा असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो बोलायचा. म्हणाला, "महाराज, आपल्या सिंहासनाची पायरी कुठून आणली होती?"

राजाला आठवलं. तरणा असताना राजवाडा बांधला, तेव्हा डोंगरमाथ्यावर एक काळी सपाट शिळा होती. त्या शिळेवर भस्मंकर नावाचा मांत्रिक रोज बसायचा. एके दिवशी तो आंघोळीला गेला आणि राजानं चाळीस बैल लावून शिळा नेली. वर सोनं मढवलं, माणकं जडवली आणि पाय ठेवायची पायरी केली. मांत्रिक परत आला तर बसायला काही नाही. त्यानं तिथूनच शाप दिला, "माझी बसायची जागा नेलीस. तू गादीवरून उठशील, तेव्हा तुला भुई बसू देणार नाही."

"तो मांत्रिक कुठं आहे?" राजानं विचारलं.

"माझ्यामागून या," भारद्वाज म्हणाला आणि चालू लागला. त्याची चाल बरी होती, म्हाताऱ्याला झेपणारी.

नदीच्या वळणावर, वरच्या थडीला, भस्मंकर उकिडवा होता. जटा पार पायाशी आलेल्या. तोही बसलेला नव्हता. ज्यानं असा शाप दिला त्यालाही भुई बसू देत नाही, असा मंत्रांचा नियमच आहे. चाळीस वर्षं तो उकिडवा होता.

राजा म्हणाला, "शाप काढा."

मांत्रिक म्हणाला, "तीन कामं कर. चाकर लावायचा नाही. पहिलं काम. डोंगरमाथ्यावर चूल पेटव, आपल्या हातानं भाकरी थाप आणि भाजून आण."

राजा वर गेला. लाकूड मुबलक, पण वारा असा की ठिणगी ठरेना. पाण्याचा झरा अर्ध्या डोंगराखाली. एक घागर आणायला सकाळची दुपार व्हायची, आणि निम्मी वाटेत सांडायची. भाकरी थापायला गेला तर पिठाचे तुकडे. पाच दिवसांनी एक भाकरी झाली, एका बाजूनं कोळसा. मांत्रिकानं निम्मी खाल्ली. निम्मी फडक्यात बांधून ठेवली. अकरा विहिरी आटल्या.

"दुसरं काम. माझं धोतर मळलं आहे. धुऊन, वाळवून आण."

राजानं जन्मात धोतर धुतलं नव्हतं. पाण्यात धरून हातानं चोळत बसायचा, म्हणजे उभाच, पण चोळत. एक मगर वर आली, बघत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही. म्हणाली, "महाराज, दगडावर आपटा. ते काय तान्हं पोर आहे का?" राजानं आपटलं. मळ निघाला, पण वाळेना. नदीकाठची हवा ओली. चार दिवस तो धोतर हातात धरून काठानं फिरत राहिला. तेवढ्या दिवसांत मात्र धुणाऱ्या बायकांनी त्याला राज्यातली सगळी भांडणं सांगितली. चाळीस वर्षांत दरबारात ती कुणी सांगितली नव्हती. धोतर वाळलं. पंधरा विहिरी आटल्या.

"तिसरं काम. माझी शिळा मला आणून दे."

राजा राजवाड्यात गेला. छिन्नी घेऊन सोनं उचकटलं. सोन्याचे विंचू झाले आणि भिंतीत शिरले. माणकं उचकटली, त्यांचे गोचीड झाले. खाली काळी शिळा तशीच होती. ज्यानं नेली त्यानंच उचलायची, दुसऱ्याच्या हाताला ती हलत नव्हती. युवराज पुढं झाला तर त्याचीच बोटं चेमटली. राजानं शिळा पाठीवर बांधली आणि डोंगराची वाट धरली. दहा पावलं चालायचं, उभ्यानंच दम खायचा. असे चार दिवस. अर्ध्या डोंगरावर त्याचे पाय थांबले. एकोणीस विहिरी आटल्या होत्या.

आता इथं नीट वाचा. काही लोक सांगतात, की राजानं तिथंच मधोमध शिळा टेकली, घर बांधलं, राजाचंही मन राहिलं आणि राणीचंही राहिलं, सगळे खूश. खोटं आहे. मधोमध काय असतं? नदी लांब, माथा लांब, आणि वरची दरड पावसाळ्यात तिथंच येऊन थांबते. राजानं शिळा टेकली हे खरं. वर बसायला गेला तर शिळेनं त्याला असा फेकला, की मुकुट अजून त्या दरीत आहे.

भारद्वाज वाटेवर उभा होता. म्हणाला, "महाराज, कुठं निघालात?"

"शिळा जाग्यावर ठेवायला. माथ्यावर."

"मांत्रिक काय म्हणाला होता?"

"शिळा मला आणून दे, म्हणाला होता."

"आणि मांत्रिक कुठं आहे?"

राजानं खाली नदीकडे बघितलं. तेवढ्यात खालून राणीची हाक आली. डोंगराच्या पायथ्याशी काठी टेकून ती उभी होती.

"अहो! चाळीस वर्षं माझे गुडघे दुखतात म्हणून सांगते आहे, तुमच्या कानात जात नाही. त्या म्हाताऱ्याचे दुखत नसतील का? तो माथ्यावर चढून बसणार आहे होय? खाली आणा!"

राजानं शिळा पुन्हा पाठीवर घेतली आणि खाली आणली. नदीकाठी पोचला तेव्हा वीस विहिरी आटल्या होत्या. एकविसावीत एक घागर बुडेल एवढंच पाणी होतं, आणि तिच्याभोवती सगळं गाव भांडी घेऊन उभं होतं.

शिळा थडीवर ठेवली. मांत्रिकानं हात फिरवून बघितला, धूळ पुसली आणि मांडी घालून बसला. चाळीस वर्षांनी बसला. त्याच्या हाडांचा आवाज पलीकडच्या काठाला ऐकू गेला.

राजाही शेजारी वाळूत बसायला गेला. वाळू सरकली.

राजा चिडला. "तिन्ही कामं केली. शाप का गेला नाही?"

मांत्रिक म्हणाला, "कामांचा शापाशी काय संबंध? मला भूक लागली होती. धोतर मळलं होतं. आणि शिळा तर माझीच होती."

 राणी काठी टेकत पुढं आली. म्हणाली, "बाबा, जरा सरकता का? गुडघे फार दुखतात."

"बस, माय," मांत्रिक म्हणाला आणि सरकला. राणी बसली. शिळा हलली नाही, वाळू हलली नाही.

राजानं ते बघितलं. वर डोंगराकडे बघितलं, मग आपल्या सोललेल्या हातांकडे. चाळीस वर्षांत त्यानं कुणाला विचारून काही घेतलं नव्हतं, त्यामुळे जीभ जड झाली. पण म्हणाला.

"भस्मंकर महाराज, न विचारता तुमची जागा नेली. चूक झाली. मी इथं बसू का?"

 मांत्रिक आणखी थोडा सरकला.

"बस."

राजा बसला. भुई गप्प राहिली. मांत्रिकानं फडक्यातली निम्मी भाकरी काढली, कोळशाची बाजू खरवडली आणि त्याच्या हातात दिली. राजानं घास घेतला, गिळला. तिकडे युवराज गादीवर बसला आणि एकवीसच्या एकवीस विहिरींना एकदम पाणी लागलं. भिंतीतले विंचू गेले.

घर नदीकाठीच बांधलं, पण पुराच्या रेघेच्या वर, तेवढं राजाचं ऐकलं. रोज सकाळी तिघं त्या शिळेवर बसायची. समोर डोंगर दिसायचा. डोंगर खालूनच चांगला दिसतो. माथ्यावर बसलेल्याला तो दिसतच नाही, हे राजाला तिथं बसल्यावर कळलं. भारद्वाज यायचा, चालत.

झाली गोष्ट.

आता एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहितो. आमच्या देवळाच्या ओट्यावर, डाव्या खांबाला पाठ लागेल अशी एक जागा आहे. तिथं मी बावीस वर्षं बसत होतो. मागच्या थंडीत दोन महिने छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला होतो. उठून गेलो तर तिथं दुसराच बसलेला, आणि चार माणसांना शूरपाळ राजाची गोष्ट सांगतो आहे, मधोमध घर बांधल्याची. मी समोर उभा राहिलो. तो सरकला नाही. "बसू का" तर लांबच राहिलं, "बरा आहेस का" असंही म्हणाला नाही. मी अजून उभाच आहे. सून म्हणते, त्याचं नाव लिहू नका. का लिहू नको? त्याला वाचता येतं.

तो रंगनाथ टेमगिरे.