जिवंत मासा

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका कपारीत एक म्हातारी पाणमांजरी आणि तिचा जन्मापासून आंधळा लेक भोरू राहत होते. भोरू चांगला तरणाताठा झाला होता, तरी आई त्याला मासा मारून, काटे काढून भरवायची. पण आता तिचेच दात झिजले होते. आपल्यामागे याच्या पोटाचं काय, हा घोर तिला लागला होता.

शेजारच्या केवडामावशीने कळपातली कितीतरी पिल्लं शिकवली होती. ती एकदा जिवंत मासा घेऊन आली आणि तिने तो उथळ डबक्यात सोडला.

"भोरू, हो पुढे. धर त्याला."

"मावशी, मला दिसत नाही गं!"

"गढूळ पाण्यात मला तरी कुठे दिसतं? मिशा पाण्यात ठेव. मासा हलला की मिशांना कळतं."

भोरूने झडप घातली, तर तोंडात नुसता चिखल! आई धावली. मावशी आडवी आली.

"बस खाली, बाई. त्याचा चिखल त्याला थुंकू दे."

मावशी रोज येत राहिली. मासा निसटला की दोघंही हसायची. डबक्यानंतर ओढा झाला, मग नदी.

एका सकाळी भोरू एकटाच डोहात उतरला. बराच वेळ वर आला नाही. आईचा जीव टांगणीला लागला. मग तो वर आला, तोंडात फडफडता मरळ मासा घेऊन. आई सवयीने काटे काढायला पुढे झाली.

भोरूने मान वळवली आणि मासा काठावर दूर टाकला. "हा माझा आहे, आई. तुला दुसरा आणतो."

ती नको म्हणायच्या आत त्याने बुडी मारली.