वारुळाचा कौल

सज्जनहो, केसोबा महाराज त्या साली चातुर्मासासाठी नांदखेड गावी राहिले होते. उतरले कुठे? देवळाच्या ओवरीत नव्हे, तर सगुणा कोष्टिणीच्या मागाशेजारी! तिच्या घरी महाराजांच्या गुरूंनी प्राकृतात सांगितलेली पोथी होती. सगुणेच्या बापाने ती स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. रोज सकाळी धोटा बाजूला ठेवून ती पोथी वाचायची आणि महाराज डोळे मिटून ऐकायचे.

त्र्यंबकशास्त्र्यांच्या पोटात दुखायला एवढं पुरेसं होतं. शास्त्रीबुवा विद्वान खरे, पण स्वभाव असा संशयी की घरच्या गाईच्या दुधातही पाणी शोधत!

"सगुणे, मागावर लुगडी विणतात, शास्त्रं नव्हेत," भर देवळात ते हसले. 'ही पोथी त्याज्य आहे' असं निर्णयपत्र लिहून त्यांनी खाली सहीही ठोकली.

नांदखेडात एक जुनी रीत होती. बांधाचा तंटा मिटेना, की देवळामागच्या वारुळात दोन्ही पक्षांच्या खुंट्या रोवायच्या. सात दिवसांत वाळवी ज्याची खुंटी खाईल, तो खोटा. शास्त्रीबुवा म्हणाले, "पोथीलाही वारुळाचा कौल लावू. खाल्ली, की वाद संपला."

सगुणेचा चेहरा पांढराफटक पडला. "महाराज, माझ्या बाबांचा हात आहे हो तो. गेली तर पुन्हा कुठून आणू?"

"पोरी, ज्याचे शब्द, त्याला काळजी," महाराज म्हणाले. "पण शास्त्रीबुवा, कौल दोघांचा असतो. तुमचा निर्णयही याच पानांत ठेवा."

इतक्या पटकन कबूल? शास्त्रीबुवांच्या मनात पाल चुकचुकली. पानांना नक्की काहीतरी चोपडलंय! तपकीर ओढलेल्या नाकाने त्यांनी पानन्पान हुंगलं. कडुनिंबाच्या तेलाचा वास येईना. तरीही तेल असलंच, तर आपलं पत्रही वाचेल आणि लबाडी उघडी पडेल, असा विचार करून त्यांनी ते मधोमध सरकवलं. पोथीचं कापडी बासन बांधलं, गाठीवर लाखेचा ठसा उमटवला, वारुळात पुरलं आणि समोरच घोंगडी टाकून बसले. बायको भाकरी घेऊन आली, तर तिची टोपलीही तपासली!

"अहो, मी तुमची बायको!" तिने कपाळावर हात मारला. डुलकी आली, तरी शास्त्रीबुवांचा हात वारुळावर असायचा.

आठव्या दिवशी गाव जमला. शास्त्रीबुवांनी स्वतः बासन उपसलं. लाख शाबूत होती, पण कापडाची चाळण झाली होती आणि पोथीच्या लाकडी फळ्यांचा नुसता भुगा! "संपली!" ते ओरडले. सगुणा मटकन खाली बसली.

त्यांनी भुगा झटकला आणि त्यांचा हात थबकला. पानं होती. कडा कुरतडल्या होत्या, पण वाळवी अक्षरांपाशी येऊन थांबली होती. एक काना गेला नव्हता, एक वेलांटी गेली नव्हती. निर्णयपत्राच्या जागी मात्र चिमूटभर माती!

"बदलली! कुणीतरी पोथी बदलली!" ते भराभर पानं चाळू लागले. एका पानावर तपकिरीचा डाग दिसला. हुंगताना त्यांच्याच नाकातून पडलेला.

महाराजांनी शांतपणे विचारलं, "राखण कोण करत होतं?"

"मी."

"वारुळाला कुणी हात लावला?"

शास्त्रीबुवांनी गावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. एक खोटा शब्द बोलले असते, तर सुटले असते. पण सात दिवस त्यांनी दुसऱ्या कुणाला फट ठेवली नव्हती, आता त्यांनाही ती उरली नाही.

"कुणीच नाही," ते म्हणाले, आणि महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराज बाजूला झाले आणि त्यांनी पोथी सगुणेच्या मांडीवर ठेवली.

शास्त्रीबुवांनी तिच्यापुढे मातीत डोकं टेकवलं. सगुणा संकोचून मागे सरू लागली. आजवर तिला 'सगुणे' अशी एकेरीच हाक मारणारे ते शास्त्रीबुवा म्हणाले, "सगुणाबाई, वाचा. मी ऐकतो."