एकच बॉल, तुमच्या हातानं

पंधरा वर्षं राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली वैजयंता थोपटे गुडघा गेल्यावर कॉलेजात कोचच्या जागेसाठी मुलाखतीला आली. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब म्हणजे बोलतील तो कायदा. त्यांनी मुलाखत मैदानावरच मांडली.

"लंगडणारी बाई पोरींना काय शिकवणार? दहापैकी दहा बॉल बास्केटात टाका, मगच नेमणूक!"

या गुडघ्यावर दोनही जायचे नाहीत, हे वैजयंताला पक्कं ठाऊक होतं. ती हसली. "दहा कशाला, आबासाहेब? एकच टाकते, पण तुमच्या हातानं."

सगळे प्राध्यापक बघत होते. आता माघार कशी घ्यायची? आबासाहेबांचा पहिला बॉल कुंपणापार गेला, दुसरा प्राचार्यांच्या चहात.

"कोपर आत, नजर कड्यावर," वैजयंता म्हणाली. "आणि गुडघ्यात जरा वाका. वाकायची सवय नाही तुम्हाला, पण जमेल."

तिसरा बॉल अलगद जाळीतून उतरला.

"गेला! मी टाकला!" आबासाहेबांनी चक्क उडी मारली. मग भानावर येऊन म्हणाले, "पण बाई, तुम्ही कुठं टाकलात?"

"मी टाकला असता तर खेळाडू ठरले असते. तुम्ही टाकलात, म्हणून कोच ठरले."

प्राचार्यांनी हसत नेमणुकीचा कागद पुढे केला.

"सही करतो हो," आबासाहेब बाह्या सरसावत म्हणाले, "आधी तो बॉल आणा इकडं!"