कबरीची हाक

मुलांनो, आणि मुलांच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. नदीकाठी एक गाव होते. त्या गावात भिकाजी नावाचा कोष्टी राहत असे. घरात तो, त्याचा माग आणि कबरी नावाची म्हातारी मांजर, एवढेच होते. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती.

कबरीला बायकोनेच आणले होते. सतरा वर्षे तिने सुताच्या लडी उंदरांपासून राखल्या. एकही लड कधी कुरतडली गेली नाही.

मग ती थकली. दिवसभर मागाखाली झोपून राहू लागली. आणि एका रात्री, सगळे गाव निजले असताना, ती घराच्या मधोमध उभी राहून रडू लागली. भूक म्हणावी तर वाटीतले दूध तसेच होते. दुखापत कुठे दिसत नव्हती. ती लांब सूर काढी, थांबे, कान देई आणि पुन्हा रडे.

पहिल्या रात्री भिकाजी उठून तिच्याजवळ बसला. ती गप्प झाली. दुसऱ्या रात्रीही बसला. पण महिना गेला, दोन गेले. दिवसा त्याच्या हातून मागाचा धोटा सुटू लागला, वीण चुकू लागली. त्यातून त्याला वाटे, ही आपल्या बायकोलाच हाका मारते आहे. ते त्याला ऐकवत नसे. मग तो उठेनासा झाला. अंथरुणातूनच तिच्यावर ओरडू लागला. कबरी अधिकच रडू लागली.

शेजारच्या तुळसाचे बाळ अवघे महिन्याचे होते. एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "भाऊजी, मांजराचं रडणं चांगलं नसतं. माझं लेकरू दचकून उठतं. काहीतरी करा, तुमच्या पाया पडते."

त्या रात्री भिकाजीने कबरीला मागच्या कोठीत बंद केले. रात्रभर ती दार ओरबाडत राहिली. सकाळी तिच्या नखांतून रक्त आले होते. भिकाजीने ते ओल्या फडक्याने पुसले. पण त्याला झोप हवी होती. दुपारी त्याने तिला टोपलीत घातले, नदी ओलांडली आणि पलीकडच्या पडक्या देवळाच्या पायरीवर ठेवले. जवळ भाकरीचा तुकडा ठेवला आणि मागे न बघता तो परतला.

पहिली रात्र तो मेल्यासारखा झोपला. दुसऱ्या रात्री मात्र अचानक जागा झाला आणि उजाडेपर्यंत तसाच पडून राहिला.

सकाळी तुळसाची सासू, भागामावशी, ओट्यावर बसली होती. तिची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली होती. पावलांवरून तिने त्याला ओळखले.

"भिकाजी, दोन रात्री कबरीचा आवाज नाही. गेली का रे?"

"नदीपलीकडे सोडून आलो, मावशी. काय करणार? कशापायी रडते तेच कळेना."

मावशीने मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाली, "तिला दिसत नव्हतं. माझ्या पायाला येऊन धडकायची ती. दिवसा तुझा माग वाजतो, तिला कळतं तू आहेस. रात्री माग थांबतो. मीही रात्री जागी झाले की मला उमगत नाही, भिंत कुठल्या अंगाला आहे, घरात कुणी आहे की सगळे मला टाकून गेले. मग मी हाक मारते. तुळसा झोपेतच म्हणते, 'आहे हो, आत्याबाई.' तेवढ्यावर माझी रात्र निघते. तू ओ देत होतास ना?"

"आधी देत होतो," भिकाजी म्हणाला. "मग दार लावलं." त्याने विचारले, "मावशी, हे आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

भिकाजी तसाच नदीकडे धावला. कबरी त्याच पायरीवर होती. एक पाऊलही हलली नव्हती. कुठे उतरावे हे तिला कळलेच नव्हते. भाकरी हातभर अंतरावर पडून होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. कबरी तोंड उघडत होती, पण रडून रडून आवाज बसला होता.

"कबरे, मी आहे," तो म्हणाला. तिने त्याच्या तळहातात डोके खुपसले. त्याने तिला छातीशी धरले आणि तो पाण्यात उतरला. अलीकडचा काठ गाठेपर्यंत तिचे अंग गार पडले होते.

त्याने तिला नदीकाठीच पुरले.

त्या रात्री घरात कसलाही आवाज नव्हता. भिकाजी जागाच होता. "आहे गं, मी आहे," असे तो काळोखात किती वेळा म्हणाला कोण जाणे. ते ऐकणारे आता कुणी नव्हते. पुढे तो जगला तितकी वर्षे त्याला शांत झोप लागली नाही.

एवढे ध्यानात ठेवा: थकलेला जीव रात्री हाक मारतो तेव्हा त्याच्यावर दार लावू नये, ओ द्यावी, कारण हाक थांबल्यावर दिलेली ओ कुणापर्यंतच पोहोचत नाही.