टकलोबा आणि नवा टायर

मोटारसायकलला फटफटी म्हणायचे, त्या काळातली गोष्ट. आमच्या शेजारच्या रंगनाथ गुरवांनी फटफटीचे टायर बदलले. जुन्यातला एक गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून हवा होता, तो इंदूवहिनींनी खांद्यात अडकवला आणि दोघं घरी निघाली.

"काय टकलोबा, पाहिलीत का माझी नक्षी?" मागचा नवा टायर हसला. "आता बघा कसा पळतो!"

"अरे, कारखान्यातला गुळगुळीतपणा अजून तुझ्या अंगावर आहे," जुना म्हणाला. "आजचा दिवस दमानं घे. मारुतीच्या वळणावर खडी आहे, आणि वहिनी मागे बसल्यात."

"गप्प बसा हो. तुमचं राज्य संपलं!"

वळणावर नवा ऐटीत शिरला आणि खडीवरून सर्रकन घसरला. रंगनाथरावांनी दोन्ही पाय टेकले, म्हणून फटफटी आडवी झाली नाही. वहिनी मात्र जुना टायर खांद्यावर घेऊन घरापर्यंत पायीच आल्या. का, ते मी लगेच विचारून घेतलं.

जुना टायर पत्र्यावर जाऊन बसला, तशी पत्र्याची फडफड थांबली.

सकाळी फाटकातून निघताना नव्याने हळूच वर पाहिलं. "काका, आणखी कुठं कुठं खडी आहे हो?"