अकरातला एक कण

"मग राखेत हे निकेल-बासष्ट आलं कुठून, तेवढं सांगा ना सर!"

हेरंब कुलथेचा आवाज चढला होता. मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत पाध्ये सर उशांना टेकून बसले होते. फुप्फुसांनी हात टेकले होते. सरांनी जन्मभर अणूंची वजनं केली, आणि हेरंबला ती विद्या शिकवली तीही त्यांनीच.

सहा वर्षं हेरंब एका बंद नळीत निकेल आणि लिथियमची पूड तापवत होता. दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, असं त्याचं म्हणणं. साध्या निकेलमध्ये बासष्ट वजनाचे अणू शंभरात चारही नसतात. तापवून उरलेल्या त्याच्या राखेत ते नव्व्याण्णव निघाले होते. तयार लेख सरांच्या पुढ्यात होता, हातात उघडं पेन. सरांची दोन ओळींची शिफारस तेवढी हवी होती.

"दुसरी कारणं तपासलीस?"

"सगळी. पूड आधीपासून तशी नव्हती. अणूंचं वजन करणारं यंत्र ठीक होतं. बाहेरचं काही मिसळलं नसावं... उरतं एकच. नळीत अणूच बदलले."

"अणू बदलले तर किरणं निघायला हवीत. दिसली?"

"नाही."

"शेवटच्या दिवशी उष्णता किती होती?"

"पहिल्या दिवशी होती तेवढीच."

सरांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरायला बराच वेळ गेला.

"लाकूड सगळं जळून गेलं... आणि चूल तशीच रसरसलेली?"

 हेरंबची सहकारी विजया तांबट हिनं हेच विचारलं होतं, चार पाहुण्यांदेखत. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला प्रयोगशाळेतून काढून टाकलं होतं.

"राखेतले कण किती तपासलेस?"

हेरंब पुन्हा यंत्राबद्दल सांगू लागला.

"हेरंब."

"अकरा."

"लेखात किती आहेत?"

खिडकीबाहेर कुणाचा तरी नातेवाईक रडत होता. तिकडे बघतच हेरंब म्हणाला,

"एक."

"आणि दहा?"

"साधं निकेल. बाजारात मिळतं तसलं... विजयानं तपासले होते ते. मला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं."

सरांनी पेनाला टोपण लावलं. लेख न उघडताच उचलला आणि हेरंबच्या मांडीवर ठेवला.

 या सहा वर्षांत घरच्यांनी त्याची जेवायला वाट बघणंही सोडून दिलं होतं.

"पण सर, तो एक कण खोटा नव्हता. मी स्वतः तीनदा तपासला. अगदी खरा होता तो!"

"खराच होता रे, बाहेरून मिसळलेला असला तरी..." सरांनी डोळे मिटले. "खोटा असता, तर तपासतानाच कळलं असतं, आणि तू वाचला असतास."