द्वारकाक्काची गोधडी

एका गावात एक बाई होती. तिच्या दारात कोंबडी एकही नव्हती, आणि पिल्लं मात्र शेकड्यांनी निघत! नाव द्वारकाक्का. अंडी उबवायचं विजेचं कपाट होतं तिचं. गावातली वीज म्हणजे आली तर आली. म्हणून अक्कानं इन्व्हर्टर आणि बॅटरी बसवली होती.

त्या बॅटरीवर अक्काचा भारी जीव. तिच्या विहिरीचं पाणी साऱ्या गावात गोड. बॅटरीत पाणी घालायचं असतं, एवढंच तिनं दुकानदाराकडून ऐकलेलं. ती दर सोमवारी विहिरीचं ताजं पाणी गाळून काठोकाठ भरी. वारा बाधू नये म्हणून वर आईच्या हातची गोधडी घाली.

पहिली बॅटरी वर्षात मेली. अक्कानं दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं, दुसरी आणली आणि माया दुप्पट केली. तर तीही धापा टाकू लागली. अक्काला काही उमजेना. दृष्ट म्हणावी, तर मीठमिरच्या ओवाळून झालेल्या. पाण्यात खोट म्हणावी, तर सारा गाव तेच पितो. मग बिनसलं कुठं?

त्यात कपाटात पाचशे अंडी, आणि दिवस एकोणिसावा. दोन दिवसांत पिल्लं बाहेर पडणार. आता ऊब तुटली की सगळी आतच मरणार. अक्कानं तालुक्याहून बॅटरीवाले हसनभाई मिस्त्री बोलावले. त्यांनी उंबऱ्यात पाय ठेवला आणि भरदुपारी वीज गेली. दहा मिनिटांत बॅटरीनंही मान टाकली.

अक्का बॅटरीपाशी धावली. "काय कमी केलं हो मी हिला? पोटच्या पोरीसारखं जपलं!"

हसनभाईंनी गोधडी उचलली. बॅटरी तव्यासारखी तापलेली. "पाणी कुठलं घालता?"

"आमच्या विहिरीचं. साखर आहे साखर!"

"त्यातले क्षार आत जाऊन बसलेत, अक्का. हिला दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर लागतं. तेही खुणेपर्यंतच. आणि मोकळी हवा लागते."

"ते बेचव पाणी? आणि उघडीच ठेवायची? ही कसली माया म्हणायची, हसनभाई?"

"अंड्यांना तुम्ही भाकरी भरवता का?"

"काहीतरीच तुमचं! अंड्याला ऊब लागते."

"हे कळतं ना? मग गोधडी इथं काय करतेय?"

अक्का गोंधळून एकदा गोधडीकडे बघे, एकदा कपाटाकडे. मग तिनं गोधडी ओढली आणि हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवून कपाटाला गुंडाळली. शेजारणींनीही आपापल्या गोधड्या आणल्या. तीन तासांनी वीज आली, तेव्हा कपाट आतून कोमट होतं. दोन दिवसांनी चिवचिव सुरू झाली. काही पिल्लं गेली, पण बहुतेक निघाली. अक्का तिथंच बसून रडली.

आता नवी बॅटरी खिडकीपाशी उघडी असते. तिच्या टोकांवर पांढरं साचलं की अक्का पुसून काढते, महिन्यातून एकदा वीज असतानाही मुख्य बटण बंद करून तिला कामाला लावते. पण ते बेचव पाणी घालताना अजून तिचा जीव कळवळतो. हसनभाई आले की हळूच विचारते, "थोडं आमचं घातलं तर चालणार नाही का हो?"

तात्पर्य: आपल्याला गोड लागतं ते दुसऱ्याला दिलं, तर माया अर्धीच झाली; त्याला काय लागतं ते विचारून दिलं, की ती पुरी होते.